फुकट झालेलं बंदर

माझ्या भावाला मी भर दुकानात हरवलं, तेव्हा मी त्या दुकानात नव्हतेच. तो कामोठ्यात होता आणि मी नवीन पनवेलला माझ्या घरी, दिवाणावर मांडी घालून बसले होते. शेजारी चहा निवत होता. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. लोक म्हणतात, राग निवतो. माझा निवला नाही, आणि तो निवावा म्हणून मी काही केलंही नाही.

आमचं माहेरचं घर कामोठ्यातल्या जुन्या गावात. चारी बाजूंनी सेक्टर उठले, मधे गाव राहिलं. आजोबांची मिठागरं होती. वडिलांच्या वाट्याला थोडी भातशेती आणि रस्त्यालगतचा एक तुकडा आला. मी थोरली, भाऊ धाकटा. बी.एस्सी. झाल्यावर मी जवळच्याच एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागले. पहिल्या कमाईतून स्वतःसाठी एक वस्तू घ्यायची असं ठरवलं होतं. आईला वाटलं, गळ्यातलं काहीतरी करीन. मी व्हिडिओ गेमचा कन्सोल आणला, आणि त्याच्यासोबत डिस्कवरचा एकच खेळ.

त्या खेळाला आम्ही घरात ‘बंदर’ म्हणायचो. दोन खेळाडू, प्रत्येकाचा छोटा ताफा आणि मधे एक बंदर. वारा, खडक, भरती-ओहोटी, सगळं त्यात होतं. शेवटी ज्याचा झेंडा बंदरावर राहील तो जिंकला. जिंकत गेलं की मोठी जहाजं मिळायची. ती विकत मिळत नसत, कमवावी लागत. हे मला फार आवडलं होतं.

भाऊ आधी हसला. म्हणाला, “ताई, मुली असले खेळ खेळतात?” मग एक दिवस मागे उभा राहून बघत बसला, मग शेजारी बसला. त्याला सुकाणूसुद्धा धड धरता येत नव्हतं. मी त्याला शिकवलं. ओहोटीला उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्याला लाँच लागत नाही, हे आम्ही लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला जाता-येता पाहिलेलं. मी त्याला म्हटलं, तेच इथे करायचं. समोरच्याला किनाऱ्याजवळ गुंतवून ठेवायचं, भरती उतरेपर्यंत. पाणी गेलं की त्याची मोठी जहाजं गाळात बसतात आणि आपण बाहेरून निवांत जायचं. त्याला ते समजायला बरेच दिवस लागले. समजल्यावर मात्र तो तेच करायचा, ऊठसूट.

वडील गेले त्यानंतर आम्ही दोघं बराच काळ दुपारी खेळायचो. घरात माणसं येत-जात. आई आतल्या खोलीत पडलेली असे. आम्ही आवाज बंद करून खेळायचो, एकमेकांशी बोलायचो नाही. एकदा हरल्यावर तो रडायला लागला, आणि ते हरल्यामुळे नव्हतं. मी कंट्रोलर खाली ठेवला नाही. पुढचा डाव सुरू केला आणि त्याला जिंकू दिलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर जे झालं ते वाचून कुणाला वाटायचं, या दोघांचं आधीपासूनच जमत नसणार. आमचं फार जमायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा हक्कसोडीवर सही करायची वेळ आली. आमच्याकडे बहिणी करतात. मामा शेजारी बसून म्हणाले, “माहेर तुटू द्यायचं नसेल तर सही कर, पोरी.” मी केली. पेन चालत नव्हतं, तर भावानेच स्वतःचं दिलं. वडिलांच्या जमिनीवर माझा काही हक्क उरला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फारसं काही वाटलंही नाही.

मग सामान बांधायला घेतलं. कन्सोल मी जुन्या साडीत गुंडाळत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

“त्यो डबा सासरी नेऊन काय करशील? लोका हसतील.”

“माझा आहे तो, आई.”

“तुजा हाय, नाय कोन म्हनतंय? भावाला राहू दे. त्याला तरी काय हाय दुसरं?”

भाऊ मागून म्हणाला, “तू ये ना कधीपण, ताई. तुझाच आहे.”

मी साडी सोडली. जमीन सोडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. कन्सोल मागे ठेवून गाडीत बसले तेव्हा रडले. नवऱ्याला वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडतेय. त्याने खांद्यावर हात ठेवला. मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही.

रस्त्यालगतच्या तुकड्यावर पुढे इमारत झाली. बिल्डरकडून भावाला घरं मिळाली आणि खाली एक गाळा. त्या गाळ्यात त्याने गेमिंगचं दुकान टाकलं. काळ्या भिंती, निळे दिवे, ओळीने खुर्च्या. उद्घाटनाच्या पूजेला मी आणि नवरा गेलो. मोठ्या पडद्यावर माझं खातं उघडलेलं होतं. माझा झेंडा, माझं नाव, माझा ताफा. लग्नानंतरची सगळी वर्षं तो माझ्याच खात्यावर खेळत होता आणि लोक त्याला कॅप्टन म्हणत होते. मला तोपर्यंत त्याचंही काही वाटलं नव्हतं. भाऊ आहे, खेळू दे.

तेवढ्यात त्याने खुर्च्यांवरच्या मंडळींना माझी ओळख करून दिली.

“ही माझी ताई. हिलापण थोडं थोडं येतं खेळायला. मीच शिकवलेलं.”

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, गंमत करतोय, आता डोळा मारेल. तो प्रसादाची वाटी पुढे करत होता.

मी म्हटलं, “एक डाव खेळू?”

“आज नको गं, कस्टमर आहेत. आणि तुझा हात नाय राहिला आता. उगाच हसं होईल.”

खुर्च्यांमधून कुणीतरी हसलंच. मी प्रसाद घेतला, खाल्ला, हात धुतले. घरी येईपर्यंत नवरा बिल्डिंगच्या बांधकामाबद्दल बोलत होता. मी ‘हो’, ‘हो’ म्हणत होते.

त्या दिवसापासून मला ते हवं होतं. काय हवं होतं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण पोळ्या लाटताना, फळ्यावर वर्तुळ काढताना, भाजीच्या रांगेत, डोक्यात एकच चालायचं. त्याचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. लोकांसमोर, आणि त्याला कारण कळलेलं असताना.

मी जुना कन्सोल विकत घेतला. नवरा म्हणाला, “सिनेमे बघायला का?” मी हो म्हटलं. पण तो खेळ एव्हाना दुकानांतून गेला होता आणि त्याची डिस्क मिळेना. भावाला फोन करून माझी डिस्क मागितली. तो म्हणाला, “ती धंद्याची आहे, ताई. ती दिली तर मी काय लावू?” म्हणजे खातं माझं, पण डिस्कशिवाय त्याचं दार मला उघडत नव्हतं. दुसऱ्याच्या घराला बाहेरून बघावं, तशी मी त्याच्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर माझ्या जहाजांचे फोटो बघायची.

एका दुपारी पनवेल स्टेशनवरून शेअर रिक्षात बसले होते. फोनवर बातमी आली. तो खेळ आता सगळ्यांना फुकट मिळणार. डिस्क लागणार नाही, कुणीही उतरवून घ्यावा. ज्यांनी पूर्वी पैसे मोजून घेतला होता, त्यांच्या खात्याला कंपनी मानाचा सोनेरी झेंडा देणार.

आधी मला कंपनीचाच राग आला. आयुष्यातली पहिली कमाई मी ज्यावर खर्च केली होती, ती वस्तू ते आता लग्नातल्या अक्षतांसारखी वाटत सुटले होते. वर नवीन नियम असा, की खेळायला काही लागणार नाही, पण रंगीत शिडं, वेगळे झेंडे, झटपट मोठं जहाज, हे सगळं आतल्या दुकानात विकत. जे आम्ही रात्रंदिवस कमावलं ते आता पैसे टाकून मिळणार. मी मनात त्या लोकांना पोटभर शिव्या घातल्या.

रिक्षा पुलावर आली तेव्हा दुसरा विचार सुचला. भावाकडची डिस्क आता नुसती चकती झाली होती. मला हसू आलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

घरी जाऊन चप्पल न काढता टीव्ही लावला. खेळ उतरायला वेळ लागत होता, तोवर कपडेही बदलले नाहीत. खात्याचा पासवर्ड भावाने केव्हाच बदललेला होता. ‘विसरलात का’ असं विचारत होतं. मी ‘हो’ दाबलं. नवीन पासवर्डसाठीचा आकडा कुठे पाठवायचा? फोन नंबर माझाच होता. क्लासला लागले तेव्हापासून मी तो बदललेला नाही, आणि भावाला खात्यावरचा नंबर बदलायचं कधी सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आकडा आला. पण मी तो टाकला नाही. टीव्ही बंद केला आणि पोळ्यांना लागले. दार उघडतं हे मला कळलं होतं. केव्हा उघडायचं ते आता मी ठरवणार होते.

दुसऱ्या दिवशी मी एक नवीन खातं काढलं. फुकटच होतं. नव्या खेळाडूला एक लाकडी होडी मिळायची, एक शीड, बस. क्लास संध्याकाळी असायचा, म्हणून दुपार माझी होती. पहिल्या आठवड्यात मी पोराटोरांकडून हरले. हात खरंच राहिला नव्हता. तेवढं त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाही मला राग आला. मी खेळत राहिले. बोटांना घट्टे पडले. नवरा उरणला बंदराच्या कामावर होता, तो लवकर आला की मला बघायचा.

एकदा त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

“मग त्याच्याशी बोल ना एकदा.”

“काय बोलू?”

“हेच. तुला वाईट वाटलं म्हणून.”

“मला वाईट नाही वाटलं. मला त्याला बुडवायचंय.”

तो म्हणाला, “चहा ठेवू का?” माझा नवरा चांगला माणूस आहे.

इकडे भावाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. घरी फुकट मिळणारा खेळ खेळायला तासावर पैसे कोण देणार? मग त्याने रस्त्यावर फलक लावला. त्यावर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो, मागे माझा ताफा आणि वर सोनेरी झेंडा. रविवारी दुपारी कॅप्टनला आव्हान द्या. दुकानात या किंवा घरून खेळा; हरवेल त्याला बक्षीस. मी क्लासला जाताना रिक्षा त्या फलकासमोरच सिग्नलला थांबायची. मी तो रोज वाचायची.

रविवारी सकाळी जेवण उरकून घेतलं. दुकानाच्या पानावर सगळं थेट दाखवणार होते, म्हणून फोन डब्याला टेकवून ठेवला. दुकान भरलेलं दिसत होतं. भाऊ कडक इस्त्रीचा काळा शर्ट घालून आला. तो खुर्चीवर बसायच्या थोडं आधी मी आकडा मागवला, टाकला आणि नवीन पासवर्ड घातला. माझं खातं माझ्या टीव्हीवर उघडलं.

बराच वेळ मी नुसती बघत बसले. जहाजं पुष्कळ वाढली होती. हे त्याने कमावलं होतं, ते मी नाकारत नाही. पण माझी पहिली होडी, जिला मी मोऱ्याच्या लाँचसारखा पांढरा-निळा रंग दिला होता, ती कुठे दिसेना. शोधली तर भंगारात टाकलेल्यांच्या यादीत होती. मनात जी थोडी चलबिचल होती ती तिथे संपली.

फोनवर भाऊ पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकताना दिसत होता. मग वळून म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे वाटतं.” लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी म्हणालं, “माझं तर चालू आहे.” तो हसला, मान हलवली आणि तिथल्या तिथे नवीन खातं काढलं. लाकडी होडी, एक शीड. “हिच्यानेच हरवतो एकेकाला,” तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

त्याने हरवलंसुद्धा. पहिला आला त्याला हरवलं, दुसऱ्यालाही. त्याला खेळता येत होतं; शिकवलं कुणी होतं? मी थांबले. दुकान आणखी भरू दिलं, त्याचे खांदे सैल होऊ दिले. मग आव्हान पाठवलं.

पडद्यावर माझं नाव आलं आणि सोनेरी झेंडा. फोनमध्ये मला त्याची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. मागून एकजण म्हणाला, “कॅप्टन, हा तर तुझा झेंडा ना?”

डाव सुरू झाला. तो ताबडतोब किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात निघाला. मला हेच हवं होतं. मी गाळात अडकवीन असं त्याला वाटलं, कारण मी त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. खरं तर गाळात त्याला काही धोका नव्हता. ती हलकी होडी वीतभर पाण्यावरही तरंगते. तो किनाऱ्याला चिकटून राहिला असता तर माझी मोठी जहाजं जवळ येऊ शकली नसती. पण घाबरलेला माणूस जुन्या धड्याप्रमाणे चालतो. तो उघड्या समुद्रात गेला आणि मी तिन्ही बाजूंनी आले.

कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा आवाज आला. हळू, लोकांना ऐकू जाणार नाही असा.

“ताई?”

मी जहाजं वळवली.

“ताई, तूच आहेस ना? हे काय करतेस? लोक आहेत इथे.”

मी बटण दाबत राहिले. लगेच बुडवता आलं असतं. मी आधी शीड तोडलं, मग सुकाणू, आणि त्याला नुसतं गोल गोल फिरू दिलं. दुकानात हसू फुटलं. मला फोनमध्ये ऐकू येत होतं. मग बुडवलं. बंदरावर माझा झेंडा चढला. त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि तो पाणी प्यायला आत गेला, तो बाहेर आलाच नाही. थोड्या वेळाने कुणीतरी प्रक्षेपण बंद केलं.

मी गार झालेला चहा तसाच प्यायले. आनंद झाला का? झाला. खूप झाला. तो कमी करून सांगायचं काही कारण मला दिसत नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“भावाचा तोंड काला केलास म्हनं?”

“खेळात हरवलं, आई.”

“त्यो जेवला नाय. एवढा काय त्या खेलान?”

“एवढं काही नव्हतं तर तेव्हा माझ्याबरोबर पाठवायचा होता.”

आईने फोन ठेवला. नंतर बरेच दिवस ती फक्त नवऱ्याशी बोलायची.

भाऊ पुढच्या आठवड्यात आला. एकटाच, हेल्मेट हातात धरून. बसायला सांगितलं तर सोफ्याच्या कडेवर बसला. नवऱ्याने पाणी दिलं आणि कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत गेला.

“ताई, तुझ्या मनात काय आहे मला कळलं,” तो म्हणाला. “जमिनीचं आहे ना? सही घेतली ते तुला लागलं. मी बायकोशी बोललोय. गाळ्यात तुझा भाग लावतो. कागद करू.”

तो मनापासून बोलत होता. मला जाणवलं, याने रात्र रात्र विचार करून हे शोधून काढलंय.

“मला गाळा नको.”

“मग काय पाहिजे?”

“पूजेच्या दिवशी तू जे बोललास, ते त्याच लोकांसमोर उलटं बोल. ताईने मला शिकवलं, एवढंच.”

त्याला आठवेना. खरंच आठवेना. मी शब्दन्‌शब्द सांगितला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. पंख्याकडे बघितलं. गॅलरीत नवरा चिमटे लावत होता, त्याचा आवाज येत होता.

“ते नाय होणार, ताई. माझं पण काही नाव आहे तिथे.”

“मग जेवून जा.”

तो जेवला नाही. मी दार लावून घेतलं. अर्धा गाळा द्यायला निघालेल्या माणसाला एक वाक्य देता आलं नाही, हे मला त्याच्या हरण्यापेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

दुकान पुढे बंद पडलं. ते माझ्यामुळे नाही. खेळच फुकट झाला आणि कामोठ्यातली सगळी पोरं आपापल्या घरी बसून खेळायला लागली. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि धंदा बरा चाललाय असं ऐकते. आई म्हणते, तुझी हाय लागली. मी कधी नाही म्हणत नाही. दुकान माझ्यामुळे बंद पडलं असतं तर मला आवडलंच असतं.

भाऊबीजेला जाते. ओवाळते. आम्ही हवापाण्याचं बोलतो. तो साडी देतो, मी ती नेसते. पण त्याने ते वाक्य अजून म्हटलेलं नाही आणि मीही खातं परत दिलेलं नाही. भंगारातली पांढरी-निळी होडी थोडी मेहनत घेऊन वर काढली.

अधूनमधून दुपारी मी खेळत असताना एखादं अनोळखी नाव आव्हान देतं. नवीन खातं, लाकडी होडी. पहिल्या दोन-चार वळणांत मला कळतं. दीपस्तंभापाशी आलं की तो विनाकारण डावीकडे झुकतो. बसल्या जागी स्वतःसुद्धा झुकत असणार, माझ्या शेजारी बसून शिकला तेव्हापासूनची सवय. हरला की काही दिवसांनी दुसरं नाव घेऊन येतो. फुकटच आहे. आता तो उघड्या समुद्रात जात नाही, किनाऱ्याने येतो, आणि दर वेळी थोडा जास्त टिकतो.

मी त्याला ओळख देत नाही. डाव पूर्ण होऊ देते आणि बुडवते.